मागची बाई

चित्र टेबलावर उताणं पडलं होतं आणि घरातली माणसं त्याच्याभोवती उभी होती, ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात नातेवाईक उभे राहतात तशी. करण्यासारखं कुणाला काही नव्हतं आणि बसायलाही कुणी तयार नव्हतं. धाकटीनं, आप्पांच्या लेकीनं, खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. त्यातल्या एकीवर फक्त आत्या बसली, कारण चित्र तिचं होतं आणि दुखरे गुडघेही तिचेच होते.

"हे असं आडवं बघायची सवय नाही," आप्पा म्हणाले. "जन्मभर मान वर करून बघितलंय."

"आता मान खाली घालून बघा," दादा म्हणाला, आणि वहिनीनं त्याच्याकडे डोळे वटारले.

रविवार असल्यामुळे गॅलरी बंद होती. गॅलरी म्हणजे पूर्वीचा बर्फाचा कारखाना. भिंती हातभर जाड, भर उन्हाळ्यात आत गार. धाकटीनं तो भाड्यानं घेतला तेव्हा घरानं तिला वेड्यात काढलं होतं, आणि तिथं कुणाची चित्रं लावणार हे कळल्यावर तर सगळ्यांनी हातच टेकले. ज्यांना त्यांच्या काळात कुणी विचारलं नाही आणि नंतरही कुणी विचारलं नाही, अशांची. सव्वाशे वर्षांमागे उघड्यावर जाऊन ऊन, पाणी, धुकं रंगवणारे दृक्प्रत्ययवादी, आणि डोळे मिटल्यावर दिसतं ते रंगवणारे प्रतीकवादी. हे दोन शब्द आप्पांच्या कवळीत अडकत. ते सरळ 'उजेडवाले' आणि 'स्वप्नवाले' म्हणत, आणि हळूहळू गॅलरीत कामाला असलेल्या मुलीही तसंच म्हणायला लागल्या होत्या.

पोस्टात कारकुनी करून रोज सकाळी एकाच पुलावरचं धुकं रंगवणारा एकजण धाकटीला एका बेकरीच्या जिन्याखाली सापडला होता. एका नर्सबाईनं रंगवलेली, दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या सकाळींची चित्रं तिच्या भाचीनं माळ्यावर दोन गाद्यांच्या मध्ये सरकवून ठेवली होती. असे एकेक करत सहाजण जमले. सातवे घरचेच, धाकटीचे पणजोबा. त्यांच्यासाठी शेवटच्या खोलीतली मोठी भिंत मोकळी ठेवली होती.

पणजोबांनी पोट भरलं ते नाटकाचे पडदे रंगवून. राजवाडा, जंगल, नदीकाठ, पुन्हा राजवाडा. स्वतःसाठी काढलेली चित्रं कुणी फुकटसुद्धा नेली नाहीत आणि बहुतेक ओलीनं खाल्ली. मोठं असं हे एकच उरलं. संध्याकाळच्या निळसर उजेडात खिडकीशी बसलेली बाई, केस मोकळे, नजर बाहेर, आणि तिच्या मागे जवळजवळ अर्धं चित्र अडवून बसलेला विटकरी पडदा. आधी ते आजी-आजोबांच्या घरी जेवणाच्या टेबलासमोर असायचं. ते घर मोडल्यावर आत्याकडे गेलं. पडदेवाल्यानं पडदा काढला यात कुणाला कधी नवल वाटलं नव्हतं.

"सांगा, डॉक्टर," धाकटी म्हणाली.

डॉक्टर म्हणजे जुनी चित्रं साफ करणारे, दुरुस्त करणारे गृहस्थ. पांढरा कोट घालत, बॅगेत कापूस आणि चिमटे बाळगत, म्हणून वहिनीनं त्यांना पहिल्याच दिवशी डॉक्टर करून टाकलं होतं. त्यांनी चित्राच्या एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवली.

"हा पडदा मूळ चित्रातला नाही," ते म्हणाले. "दारं-खिडक्यांना लावतात तो ऑइलपेंट आहे. चित्रापेक्षा बराच नंतरचा. आणि त्याच्या खाली हे आहे."

फिल्मवर, खिडकीतल्या बाईच्या मागे, आणखी कुणीतरी उभं होतं. उंच, केस वर बांधलेले, मान किंचित झुकलेली. चेहरा धुरकट होता. एक हात मात्र स्पष्ट दिसत होता, पुढच्या बाईच्या खांद्यावर टेकलेला.

"बाई आहे?" वहिनीनं विचारलं.

"बाई आहे."

धाकटीनं ही फिल्म आधीच पाहिली होती. आता ती फिल्मकडे नाही, घरच्यांकडे बघत होती. दादानं आ वासला होता. आप्पा नाक काचेला लावून उभे होते. आत्या एकटीच खिडकीकडे बघत नव्हती. ती मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडवत होती.

"काढता येईल हा ऑइलपेंट?" दादानं विचारलं.

"बहुतेक येईल."

"मग काढा की. यात विचारायचं काय? पणजोबांना शंभर वर्षं लोकांनी पडदेवाला म्हणून मोडीत काढलं, आणि हा माणूस असलं काहीतरी करत होता. लोक बघायला रांगा लावतील."

"काढाच," आप्पा म्हणाले. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. "माझ्या आजोबांच्या चित्रावर दाराचा रंग! कुणा रंगाऱ्याचा हा उद्योग? ज्यानं केलं त्याचे हात..."

"बाळ, पुढचं बोलू नकोस," आत्या म्हणाली. "आईनं केलंय ते."

सत्तरी ओलांडलेल्या आप्पांना बाळ म्हणणारी जगात आता आत्या एकच उरली होती. आप्पा वळले.

"कुणी?"

"आपल्या आईनं. मी तिथं होते. ती टेबलावर चढली होती आणि मी टेबल हलू नये म्हणून पाय धरून उभी होते. सहा वर्षांची होते मी. तू व्हायचा होतास."

"आईनं? तिनं कधी रांगोळीच्या दोन रेघा ओढल्या नाहीत."

"म्हणूनच पडदा काढला. पडद्याला काय लागतं? वरून खाली ब्रश ओढायचा."

धाकटीनं आत्याला पाण्याचा ग्लास दिला. तो तिनं हातात धरला, प्यायली नाही.

"माझ्या पाठीवर एक होता," ती म्हणाली.

"ते माहीत आहे मला," आप्पा म्हणाले. "जन्मला आणि गेला."

"तुला तसं सांगितलं. चार वर्षांचा झाला होता तो. बोलायचा, भांडायचा, माझ्या वेण्या ओढायचा. त्याची खुर्ची बरोबर चित्रासमोर होती. हिला तो मागची बाई म्हणायचा. जेवायला बसलं की आईच्या मागे लागायचा, मागच्या बाईला पण वाढ. आई वाढायची. खोटं खोटं, रिकामी वाटी ठेवायची भिंतीकडे. मग थंडीत त्याच्या घशाला झालं. घटसर्प. गेला. त्यानंतर आई टेबलाशी बसेनाच. ओट्याशी उभ्यानं खायची. म्हणायची, ती बया माझ्या पोराकडेच बघत होती आणि मी तिला वाढत होते."

आप्पा एवढा वेळ उभे होते ते हळूच खुर्चीवर टेकले.

"मग एक दिवस दारांचा उरलेला रंग काढून टेबलावर चढली," आत्या म्हणाली. "बाबा संध्याकाळी आले. त्यांच्या वडिलांचं चित्र ते. बघितलं, हात धुतले, जेवायला बसले. आईपण बसली. एवढंच. दुसरा शब्द नाही."

"मला कुणी का नाही सांगितलं?"

"आईच्या देखत त्याचं नाव काढायचं नाही, हे बाबांनी बजावलं होतं. आणि आई गेली तेव्हा तू साठीला आला होतास. साठीच्या माणसाला भाऊ कुठून आणून देऊ?"

डॉक्टर नको तिथं सापडलेल्या पाहुण्यासारखे आपल्या बॅगेत काहीतरी शोधत राहिले. शेवटी वहिनी बोलली.

"मग पडदा राहू दे."

"हे बघ," दादा म्हणाला, "वाईट मलाही वाटतंय. पण चित्र पणजोबांचं आहे, आजीचं नाही."

"टांगलेलं होतं आजींच्या जेवणघरात. त्या बाईसमोर बसून रोज घास गिळायचा तो आजींना होता, पणजोबांना नव्हता."

"तू आजीला किती ओळखत होतीस?"

"फारसं नाही. पण या घरची सून मीही आहे. भिंतीवरचं काही मला विचारून लागलेलं नाही, एवढं मला कळतं."

लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी वहिनीचं असं एखादं वाक्य दादाला कोपऱ्यात गाठत असे. तो म्हणाला, "मधला मार्ग काढू. पडदा तसाच ठेवायचा आणि शेजारी हा एक्स-रे लावायचा."

"म्हणजे आईचा पडदाही ठेवायचा आणि त्याला भोकही पाडायचं," आत्या म्हणाली. "असले मधले मार्ग तुला ऑफिसात लागतात. इथं नको." मग ती धाकटीकडे वळली. "तू का गप्प? गॅलरी तुझी आहे."

धाकटीनं उत्तर तयार करून ठेवलं होतं. चित्रकाराचा हेतू, इतिहासाची जबाबदारी, असं बरंच काही त्यात होतं. त्यातलं काहीच तिला आता तोंडातून काढवेना.

"मला ती हवी आहे," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पडद्यासकट हे बरं चित्र आहे. बरी चित्रं ढिगानं पडलीत. ती असेल तर पणजोबांना पुन्हा कुणी विसरायचं नाही. फिल्म बघितल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. पण चित्र तुझं आहे, आत्या. तू नाही म्हणालीस तर आहे तसं लावीन आणि तोंड वाकडं करणार नाही."

"करशील. पण लावशील, ते खरं."

आप्पा उठून पुन्हा खिडकीपाशी गेले होते. फिल्मवरच्या धुरकट चेहऱ्याला बोट लावू की नको, असं करत ते उभे होते.

"ताई, तो हिच्याशी बोलायचा?"

"बोलायचा. तक्रारी सांगायचा माझ्या."

"त्याचा फोटो आहे कुठं?"

"नाही. आईनं काही ठेवलं नाही."

"मग त्यानं जे बघितलं ते तरी मला बघू दे," आप्पा म्हणाले. "मघाशी मी आजोबांसाठी म्हणत होतो. आता त्यांचं राहू दे. मला माझ्यासाठी बघायचंय."

"पण आजींची इच्छा..." वहिनी म्हणाली.

"आईला तिथं बसून जेवायचं होतं," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण वहिनी थांबली. "तेवढीच तिची इच्छा. म्हणून पडदा घातला. जेवली ती, पन्नासच्या वर वर्षं जेवली. मरेपर्यंत तिथंच बसून जेवली. आता त्या टेबलाशी कुणी जेवत नाही." ग्लासातलं पाणी तिनं एका दमात संपवलं. "काढा, डॉक्टर. पण मी रोज येऊन बसणार."

"काढलेलं परत घालता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि खाली नक्की किती उरलंय, हे..."

"काढल्याशिवाय कळणार नाही. समजलं."

दुसऱ्या दिवसापासून आत्या घरची उशी घेऊन यायला लागली. उशी पाठीला लावायची आणि डॉक्टरांच्या हातांकडे बघत बसायची. डॉक्टर बोटभर जागा घेत, औषधात भिजवलेला कापसाचा बोळा फिरवत, विटकरी रंग बोळ्यावर येई, बोळा बादलीत जाई. या बोळ्यांचं पुढं काय करता, असं तिनं एकदा विचारलं. कचऱ्यात जातात, म्हणाले. "बरं," आत्या म्हणाली.

बाहेर धाकटी उजेडवाल्यांच्या खोल्या लावत होती. पोस्टातल्या कारकुनाचं धुकं नर्सबाईच्या उन्हाशेजारी लावलं की मळकट दिसत होतं आणि लांब लावलं की एकटं पडत होतं. तीन भिंती बदलून झाल्या. शिडीवरून उतरली की ती आतल्या खोलीत डोकावायची, आत्याच्या खुर्चीमागे क्षणभर उभी राहून परत जायची. आप्पा पहिल्या दिवशी आले, पडद्यात मोकळा झालेला पहिला बोटभर तुकडा बघितला आणि मग फिरकलेच नाहीत. वहिनी फुगून बसली होती. दादा फोनवरून चौकशी करी, सासुरवाडीच्या आजारी माणसाची करावी तशी, बेताबेतानं.

चेहरा मोकळा झाला त्या दुपारी आत्यानं हाक मारली. नुसती हाक मारली, पण धाकटी हातातला हातोडा तसाच घेऊन धावली.

"ही तर पोरगी आहे," आत्या म्हणाली.

खरंच पोरगी होती. विशीच्या आतबाहेरची, गालांना खालून निळसर उजेड लागलेला, ओठ मिटलेले.

"मला ती म्हातारी आठवते. दात नसलेली, पांढरी."

"सहा वर्षांच्या होता तुम्ही," डॉक्टर म्हणाले.

"ते खरं." आत्या उठली, गुडघ्यावर हात ठेवत टेबलापाशी आली आणि वाकली. "आणि ही बघते कुठं आहे?"

धाकटीनं वाकून पाहिलं. मागच्या बाईच्या पापण्या अर्ध्या उतरल्या होत्या. नजर सरळ खाली होती, पुढच्या बाईच्या मोकळ्या केसांवर. चित्राबाहेर, जेवणाच्या टेबलाकडे, पोराच्या खुर्चीकडे, कुणाकडेच ती बघत नव्हती.

"डॉक्टर, हे डोळे आधीपासून असेच?"

"असेच. इथं कुणी हात लावलेला नाही."

आत्या सरळ उभी राहिली. "ती बघतच नव्हती त्याच्याकडे," ती म्हणाली. नंतर, उशी उचलून काखेत धरताना, "कुणीतरी आईला नीट बघायला सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाली आणि त्या दिवशी लवकर घरी गेली.

धाकटीनं आप्पांना फोन केला. आप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधीच फाटकाशी उभे होते. ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

अडचण आली ती हाताशी. खांद्यावरचा ऑइलपेंट निघाला आणि खाली हात नव्हताच. नुसतं उघडं कापड, पिवळट, वीण दिसणारं.

"फिल्मवर तर होता," धाकटी म्हणाली.

"पांढऱ्या रंगातलं शिसं कापडाच्या विणीत मुरलंय, ते एक्स-रेला दिसलं. डोळ्यांना दिसेलसं काही उरलं नाही." डॉक्टरांनी भिंग तिच्याकडे दिलं. "टर्पेंटाइनच्या फडक्यानं घासघासून पुसलाय. पडदा घालायच्या आधी. दुसरीकडे कुठं पुसलेलं नाही, एवढीच जागा. फिल्मवरून मी तो पुन्हा रंगवू शकतो, बेमालूम."

त्या संध्याकाळी परत सगळे टेबलाभोवती जमले. या खेपेला बाजू फिरल्या होत्या. दादाला हात हवा होता, धाकटीला हवा होता, आणि वहिनीही, जी आठवडाभर बोलत नव्हती, ती म्हणाली, "एवढं काढलंत तर मग हातानंच काय पाप केलंय? नीट पुरं तरी करा."

"नको," आत्या म्हणाली.

"आत्या, ऐक ना माझं," धाकटी म्हणाली. "हात नसेल तर ती नुसती मागे उभी आहे. हात आहे म्हणून ती कुणीतरी आहे. सगळं चित्र त्या हातावर तोललंय. संग्रहालयाच्या बाई येणार आहेत बघायला, त्यांना मी काय, भोक दाखवू?"

"पडदा आईनं घातला ते मी बघितलं होतं. हात पुसला ते मला माहीत नव्हतं." आत्या सावकाश बोलत होती. "म्हणजे आधी मला झोपवून, एकटीनं, फडकं घेऊन उभी राहिली असणार. चेहरा नाही पुसला. तेवढाच हात. त्या हातानंच पोराला धरलं असं तिला वाटलं असेल. पडदा तुम्हाला दिला मी. हे नाही देणार."

"आप्पा, तुम्ही तरी सांगा," दादा म्हणाला.

"मी ताईच्या बाजूला," आप्पा म्हणाले. "माझा भाऊ आहे त्यात."

धाकटीनं तोंड वाकडं केलं. तसंच वाकडं ठेवून तिनं डॉक्टरांना सांगितलं की कापड कुजू नये एवढंच बघा, रंग लावू नका.

उद्घाटनाला अपेक्षेपेक्षा माणसं आली. बेकरीवाला सहकुटुंब आला होता आणि आपल्या जिन्याखालून निघालेल्या धुक्यासमोर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला जिन्याचं माप सांगत होता. नर्सबाईची भाची व्हरांड्यांच्या खोलीत रडून घेऊन मोकळी झाली होती. संग्रहालयाच्या बाई शेवटच्या खोलीत फार वेळ होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी धाकटीला बाजूला घेतलं. नर्सबाईच्या दोन सकाळी आणि पणजोबांचं चित्र पुढच्या वर्षी आपल्याकडे काही महिने लावायला मिळेल का, असं विचारलं. हाताची जागा भरून घेण्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. धाकटी म्हणाली, चित्र आत्याचं आहे, विचारून सांगते. बाई गेल्यावर ती गोदामात जाऊन एका खोक्यावर पाच मिनिटं नुसती बसून राहिली. वहिनी तिला शोधत आली, शेजारी टेकली, आणि मग दोघी उठून परत पाहुण्यांत गेल्या.

शेवटच्या खोलीत आत्या चित्राशेजारी उशी लावून बसली होती. आप्पा दाराजवळ कुणाशी तरी उजेडवाले आणि स्वप्नवाले यांतला फरक सांगत होते, हातवारे करून. एक वयस्क गृहस्थ चित्राच्या अगदी जवळ गेले, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि आत्याकडे वळले.

"इथं ओल लागली का हो?" त्यांनी उघड्या कापडाकडे बोट केलं.

"ओल नाही," आत्या म्हणाली. "आमच्या आईचा हात लागलाय."

गृहस्थांना काय कळलं कोण जाणे. "अस्सं," म्हणाले, आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले.